न विचारलेला प्रश्न

शाळामास्तराचा धंदा हा प्रश्न विचारण्याचा धंदा. चौतीस वर्षें मीं मुलांना प्रश्न विचारले. कोणाचा धडा तयार नाहीं, कोण न जेवतां शाळेंत आला आहे, कोणाच्या घरीं कांहीं बिनसलें आहे, हें चेहऱ्यावरून ओळखण्याचा मला थोडासा अभिमानहि होता. असें असतांना माझ्याच घरांत, दोन्ही वेळां माझें पान वाढणाऱ्या माणसाला मीं एक साधा प्रश्न पांच महिने विचारला नाहीं. त्या न विचारलेल्या प्रश्नाची ही हकीकत आहे. ती लिहावी कीं लिहूं नये, असें मनांत पुष्कळ दिवस चाललें होतें. घरांतील दुखणें, त्यांतून बायकांचें दुखणें, चारचौघांत मांडण्याची आपल्याकडे रीत नाहीं. परंतु जिचें हें दुखणें, तिनेंच अखेर "लिहा" म्हणून सांगितलें. तेव्हां संकोच बाजूस ठेवून लिहीत आहें.

आमचें घर नांदेडास, जुन्या गांवांत. गोदावरीचा गोवर्धन घाट तेथून चालत जाण्याजोगा आहे. कुटुंब एकत्र: थोरले बंधु, वहिनी, आम्ही दोघें, मुलगा, सून आणि त्या वेळीं अकरा वर्षांची असलेली नात. कुलदेवता माहूरची रेणुका. तेव्हां घरीं नवरात्र असतें. नऊ दिवस नैवेद्याचा स्वयंपाक सोंवळ्यांत व्हावयाचा, आणि तो गेलीं तीस-बत्तीस वर्षें माझ्या पत्नीच्या हातचा. २०२२ सालच्या नवरात्रांत तिनें तो सुनेच्या हवालीं केला. म्हणाली, "माझे गुडघे आतां फार वेळ उभें राहूं देत नाहींत. तिलाहि एकदां वळण लागूं दे." मला तें ऐकून समाधान वाटलें. सासूनें आपण होऊन सुनेच्या हातीं अधिकार द्यावा, यांत मला घराची सुव्यवस्था दिसली. बंधूंपाशीं मीं तिची वाखाणणीहि केली. पुढें दिवाळींत ती देवघरांत येईनाशी झाली. तुळशीच्या लग्नांत दारांतूनच अक्षता टाकिल्या. तरीहि मला कांहीं वाटलें नाहीं. गुडघेच ते, असें मी धरून चाललों.

पौषांत एके दिवशीं सून माझ्यापुढें येऊन उभी राहिली. सासऱ्याशीं असल्या विषयावर बोलणें तिला किती जड गेलें असेल! पदराचें टोंक बोटांत गुंडाळीत ती म्हणाली, "बाबा, आई पहांटे चारला उठून आपले कपडे स्वतः धुतात, कोणाला हात लावूं देत नाहींत. मला हें ठीक दिसत नाहीं." एवढें बोलून ती आंत गेली. मुलीच्या मायेनें पाहणारा डोळा तिला होता. तो मला नव्हता.

त्याच संध्याकाळीं दिवेलागणीनंतर मीं पत्नीस विचारलें. माझ्याकडे न पाहतां तिनें सांगितलें कीं, श्रावणापासून मधून मधून रक्त जात होतें. पाळी जाऊन तिला दहा वर्षें झालीं होतीं. आतां या वयांत तें पुन्हां सुरू झालें हें सांगावयाचें कोणाला, या लाजेनें ती गप्प राहिली. "नवरात्र तोंडावर आलेलें. विटाळ म्हणून कळलें असतें, तर घरांत कुजबुज झाली असती. मी आपली बाजूला झालें." गुडघ्यांचें केवळ निमित्त होतें. देवाला विटाळ होऊं नये म्हणून तिनें पांच महिने स्वतःस देवापासून दूर ठेविलें होतें. आणि मी त्याच देवापुढें रोज पुरुषसूक्त म्हणून उठत होतों.

दुसऱ्या दिवशीं नांदेडांतील एका डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन गेलों. पाळी कायमची गेल्यावर एक थेंबहि रक्त दिसलें, तर तें त्याच आठवड्यांत दाखविलें पाहिजे. तें वयाचें किंवा उष्णतेचें म्हणून सोडून द्यावयाचें नसतें, हें त्यांनीं पहिल्याच भेटींत समजावून दिलें. गर्भाशयाच्या मुखाशीं व्रण होता. त्याचा बारीक तुकडा काढून तपासणीस पाठविला. आठ दिवसांनीं कागद आला, आणि त्यावर जें लिहून आलें होतें तें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

त्या रात्रीं मीं काय केलें, तें सांगावयास लाज वाटते. मी शब्दांची व्युत्पत्ति शोधीत बसलों. सुश्रुतसंहितेंत शरीरांत वाढणाऱ्या गांठीला अर्बुद म्हटलें आहे. ग्रीक वैद्यांना या रोगाचा आकार पाय पसरलेल्या खेंकड्यासारखा दिसला, म्हणून त्यांनीं त्याला खेंकड्याचें नांव दिलें. तेंच लॅटिनांत कॅन्सर झालें आणि आपण त्याचा कर्करोग केला. हें सर्व मला चांगलें ठाऊक होतें. मात्र पलीकडच्या खोलींत निजलेल्या पत्नीला काय सांगावयाचें, तें कोणत्याच कोशांत सांपडत नव्हतें. बंधूंनीं मला एकीकडे बोलावून सांगितलें, "बाहेर कोठें बोलूं नकोस. घरांत नात मोठी होत आहे. उद्यां लोक नाहीं नाहीं तें बोलतील." त्यांच्या मनांत वाईट नव्हतें, ते आमच्या वडिलांच्या काळच्या रीतीनें घराची इभ्रत राखूं पाहत होते. घरांत रोगाचें नांव कोणी घेईना. सारे "तें दुखणें" एवढेंच म्हणत. मध्यरात्रीं ही उठून बसली आणि म्हणाली, "मला सांगायला तुम्हांला इतका वेळ कां लागतो? कागद मीं दुपारींच वाचला आहे. आतां काय करायचें, तें बोला."

तेव्हां आम्ही मुंबईस गेलों. नांदेडाहून रात्रीच्या गाडीनें निघालें म्हणजे सकाळीं दादरास उतरतां येतें. कर्करोग्यास आणि त्याच्या एका सोबत्यास रेल्वेच्या भाड्यांत सवलत मिळते, हेंहि तेव्हांच समजलें. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत उतरलों. ज्या पुरुषानें हातांत खराटा घेऊन महाराष्ट्रांतील गांवें झाडलीं, त्याच्या नांवाच्या या वास्तूंत परगांवचे किती कर्करोगी व त्यांचे नातलग आसरा घेतात, हें स्वतः पाहिल्याविना कळावयाचें नाहीं. तेथें कोणी कोणाची जात विचारीत नव्हतें. विचारीत ते एवढेंच: "कुठला आजार? कितवा दिवस?"

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ओट्यावर पाळीची वाट पाहत बसलों असतां मला त्या इमारतीचा इतिहास आठवला. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. वर्षभरांतच, १९३२ सालीं, दोराबजीहि गेले. परंतु जाण्यापूर्वीं त्यांनीं पत्नीच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठीं निधि ठेविला, आणि पुढें त्यांच्या विश्वस्तांनीं २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं हें रुग्णालय उघडलें. एका धनवान पतीस जें दुःख निवारतां आलें नाहीं, त्याच दुःखाच्या दारांतून आज हजारों सामान्य माणसें आंत जातात. मी पेन्शनीवरचा मास्तर. मला रुग्णालय बांधतां येणार नव्हतें. निदान प्रश्न विचारतां येत होते. आणि त्या दिवशीं मीं डॉक्टरांस वही उघडून एकोणीस प्रश्न विचारले.

त्यांनीं एकाहि प्रश्नाचा कंटाळा केला नाहीं. रोग आजूबाजूस थोडा पसरला आहे, त्यामुळें शस्त्रक्रियेचा उपयोग नाहीं. पांच आठवडे बाहेरून किरण द्यावयाचे, आठवड्यांतून एकदां शिरेवाटे औषध द्यावयाचें, आणि शेवटीं आंतून किरण द्यावयाचे. रोग बरा करण्याच्या हेतूनेंच हे उपचार आहेत, असें ते म्हणाले. रोग कशानें झाला, हाहि प्रश्न माझ्या वहींत होता. ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूनें, असें उत्तर मिळालें. हा शोध लावल्याबद्दल जर्मनीचे डॉ. हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु स्त्रीपुरुषांच्या संबंधांतून येतो. बहुतेकांच्या शरीरांतून तो आपोआप निघून जातो, थोड्या स्त्रियांच्या शरीरांत मुक्काम करितो, आणि पुष्कळ वर्षांनीं त्याचा व्रण होतो. त्यांत कोणाच्या पापपुण्याचा हिशेब नाहीं, असें त्यांनीं हिच्याकडे पाहून मुद्दाम सांगितलें. मी मात्र बाहेर आल्यावर बराच वेळ बोललों नाहीं. जी गोष्ट संसारांत दोघांची होती, तिची लाज पांच महिने एकटीनें वाहिली होती.

उपचाराची रेघ मुंबईस आंखून मिळाली. ती गिरविली लातुरास. आम्हां मराठवाड्यांतल्या शिक्षकांना लातूर परीक्षांच्या निकालांमुळें ठाऊक; परंतु त्या गांवाला रुग्णसेवेचीहि परंपरा आहे. १९६६ सालीं डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी यांनीं मोठ्या शहरांचा मोह सोडून तेथें विवेकानंद रुग्णालय सुरू केलें, डॉ. कुकडे यांना २०१९ सालीं पद्मभूषण मिळालें. किरणोपचारासाठीं आतां प्रत्येकानें मुंबईसच राहिलें पाहिजे असें नाहीं. लातुरास ती सोय आहे, बार्शीस आहे, आणि औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, २०१२ पासून सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर सुमारें १४० किलोमीटर. रोज जाणें-येणें शक्य नव्हतें. माझ्या मामेबहिणीनें गंजगोलाईपासून जवळच्या आपल्या घरांतील दोन खोल्या मोकळ्या करून दिल्या, आणि फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस आम्हीं तेथें बिऱ्हाड थाटलें.

आठवड्यांतून पांच दिवस किरण. त्यापूर्वीं मूत्राशय भरलेलें असावें लागतें, म्हणजे आंतल्या अवयवांना इजा कमी होते. म्हणून बरेंच पाणी पिऊन बसावें लागे. पहिल्या दिवशीं पाण्याचा तांब्या हातांत घेऊन ही म्हणाली, "२०१६ सालीं या गांवाला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, आणि मी इथें येऊन तांब्या तांब्या रिचवते आहें!" किरणांच्या खोलीच्या भिंती फार जाड, तींत रोग्याला एकट्यालाच राहावें लागतें. दार मिटे तेव्हां तिचा चेहरा पांढरा पडे. तिसऱ्या दिवशीं आम्हीं एक ठराव केला. दार मिटलें कीं तिनें आंत व मीं बाहेर एकाच वेळीं रामरक्षेस आरंभ करावयाचा. बाहेर आल्यावर आपण कोठवर पोंचलों, तें ती सांगे. मी माझें सांगें. कधीं ती पुढें असे, कधीं मी. यंत्राचें काम बहुधा स्तोत्र संपण्याच्या सुमारास संपे. रामरक्षेनें किरणांचें काम केलें असें माझें म्हणणें नाहीं. त्या दहा-बारा मिनिटांत ती एकटी नव्हती, एवढेंच माझें म्हणणें आहे.

श्रद्धेविषयीं आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. फाल्गुनांतल्या एकादशीस हिनें उपास धरला. आठवडाभर उलट्या आणि जुलाब चालू, शिरेवाटे औषध चालू, आणि त्यांत उपास! डॉक्टर रागावले, परंतु ती ऐकेना. तेव्हां मला आयुष्यांत प्रथमच वाटलें कीं, आपलें संस्कृत कोणाच्या तरी पोटांत अन्न जाण्याच्या कामीं येईल. आपल्या धर्मशास्त्रानें आजाऱ्याला, गर्भवतीला, बालकाला आणि वृद्धाला व्रतनियमांतून सूट दिली आहे. दुखणाइतानें उपास करून देह झिजविणें हें पुण्य नव्हे, असा निर्णय मीं पंडिताच्या थाटांत दिला. "तुम्हीं स्वतःच्या सोयीचें शास्त्र काढलेंत," असें ती म्हणाली. पण मऊ भात खाल्ला.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या दुबळेपणाची. तिसऱ्या आठवड्यांत तिची दशा मला पाहवेना. अशा वेळीं एका नातलगानें परगांवच्या एका बुवांचें नांव सांगितलें. किरण ताबडतोब थांबवा, त्यानें शरीर जळतें. माझी पुडी तीन महिने घ्या, असें बुवांचें म्हणणें. मी घोंटाळ्यांत पडलों. पुड्यांचे पैसेहि देऊन बसलों होतों. हिला सांगितलें, तेव्हां ती पडल्या पडल्या म्हणाली, "माझी देवी माहूरला आहे, या पुडींत नाहीं. निम्मे किरण झाले आहेत. आतां मागें फिरून मला काय दाखवायचें आहे?" पुड्या तशाच पडून राहिल्या. शिकलेल्या घरांत बुवाबाजी शिरते ती अज्ञानानें नव्हे, तर आपल्या माणसाचे हाल पाहण्याचा धीर संपल्यामुळें शिरते, हें मला त्या दिवशीं उमगलें.

आतां लोकांविषयीं. बंधूंनीं "बाहेर बोलूं नकोस" म्हटलें होतें. परंतु बोलल्याविना चालेना. चौथ्या आठवड्याच्या आरंभीं तिचें रक्त फार कमी झालें. रक्त देणारा माणूस हवा होता. मीं एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो अहमदपुराकडे मोटारींचें दुकान चालवितो. धर्मानें मुसलमान आहे. दोन तासांत तो व त्याचा दुकानांतला जोडीदार असे दोघे हजर झाले. ज्या बाईनें रक्ताच्या विटाळापायीं पांच महिने देवघर वर्ज्य केलें, तिच्या शिरांत दोन परक्या माणसांचें रक्त चढत होतें, आणि ती हात जोडून त्यांना म्हणत होती, "बाळांनो, जेवून जा." सोंवळ्याविषयीं आमच्या घरांत पुढें जें कांहीं बदललें, तें कोणाच्या व्याख्यानानें बदललें नाहीं, तें त्या दुपारीं बदललें.

मग मदतीची कांहीं वाण राहिली नाहीं. नांदेडच्या भजनी मंडळांतील बायकांनीं पाळ्या लावून घेतल्या. दर रविवारीं दोघीजणी येत, आठवड्याचें मेतकूट, लाह्यांचें पीठ, धुतलेलीं पातळें आणीत. आमच्या आळींतले एक शीख गृहस्थ गुरुद्वाऱ्याच्या लंगरांत वर्षानुवर्षें सेवा करितात, ते माझ्या बंधूंना म्हणाले, "मास्तर परत येईपर्यंत रोजचा भाजीबाजार माझ्याकडे." सुनेनें नांदेडचें घर एकहातीं सांभाळलें. आणि मी? मी कपडे धुवावयास, भात शिजवावयास, औषधांच्या वेळा मांडावयास शिकलों. अडतीस वर्षांच्या संसारांत पत्नीचें लुगडें मीं प्रथमच पिळून वाळत घातलें. माझ्या असें ध्यानांत आलें कीं, दुखणाइताला येऊन "कांहीं लागलें तर सांगा" म्हणणारे पुष्कळ असतात. परंतु त्यास सांगावयाचें बळ नसतें. जो कांहीं न विचारतां दळण दळून आणतो, त्याचा उपयोग होतो.

किरणांसाठीं आमच्याच वेळेला उदगीर तालुक्यांतली एक शेतकरीण येत असे. तिलाहि हाच रोग. वय पन्नाशीच्या आंत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून तिचा खर्च भागत होता. बांकावर बसल्या बसल्या हिची व तिची मैत्री जमली. ती ज्वारीची भाकरी व ठेंचा आणी. हिला तो वर्ज्य, म्हणून तो मी खात असें. चवथ्या आठवड्यांत ती दोन दिवस आली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ही मला म्हणाली, "तुम्ही विचारणार आहांत कीं नाहीं?" त्या एका वाक्यांत गेल्या पांच महिन्यांचा सारा हिशेब होता. मीं रुग्णालयांत चौकशी केली. किरणांमध्यें खंड पडला तर रोगाला उसंत मिळते आणि गुण कमी येतो, असें तेथें कळलें. उदगिरांतील माझ्या दोन विद्यार्थ्यांना फोन केला. ते तिच्या गांवीं गेले. उपचार मोफत होते, पण रोजच्या जाण्यायेण्याचा पैसा संपला होता, आणि घरांत सुगीचें काम पडलें होतें, एवढेंच कारण. दुसऱ्या दिवशीं ते तिला मोटारसायकलीवर बसवून घेऊन आले, आणि उरलेले दिवस ती माझ्या मामेबहिणीच्या ओसरीवर राहिली. माझी मामेबहीण कडक सोंवळ्याची. तिनें कांहीं न बोलतां चुलीपलीकडे आणखी एक अंथरूण घातलें.

शेवटचा टप्पा आंतून द्यावयाच्या किरणांचा. त्यासाठीं भूल द्यावी लागे. रोग्याला कित्येक तास न हालतां पडून राहावें लागे. त्यांतला सर्वांत कठीण दिवस रामनवमीच्या आदल्या दिवशीं आला. त्या दिवशीं मला रामरक्षाहि सुचेना. मीं वर्गांत रघुवंशांतला अजविलाप कित्येक वेळां शिकविला आहे. इंदुमती गेल्यावरच्या त्या राजाच्या शोकाचीं अलंकारांसह उत्तरें मुलांकडून पाठ करवून घेतलीं आहेत. त्या बांकावर बसून मला कळलें कीं, मीं तो सर्ग शिकविला, पण वाचला नव्हता. संध्याकाळीं तिला बाहेर आणलें तेव्हां ती ग्लानींत होती. डोळे उघडून तिनें पहिला प्रश्न केला, "तुम्ही जेवलांत का?"

चैत्राच्या अखेरीस आम्ही नांदेडास परतलों. त्याला आतां दोन वर्षांहून अधिक काळ लोटला. ठराविक मुदतीनें तपासणीस जावें लागतें, आणि प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्रीं दोघांनाहि झोंप येत नाहीं. किरणांचे कांहीं मागमूस राहिले आहेत. पोट बिघडतें, पायांत पूर्वींचें बळ नाहीं. रोग आज नाहीं. उद्यांचें कोणी लिहून देत नाहीं, आणि आम्हीं तें मागितलेंहि नाहीं. उदगीरची ती बाई गेल्या संक्रांतीपर्यंत पत्रानें व फोनानें खुशाली कळवीत होती. तिचा रोग पुन्हां उलटला, असें तिच्या मुलानें अलीकडे कळविलें. तेव्हां ज्या श्रद्धेनें एकीस वांचविलें, तिनें दुसरीस कां नाहीं, या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नाहीं. ती उशीरा आली होती, एवढें मला कळतें. आणि आमचेहि पांच महिने गेलेच होते.

उशीर होऊं नये यासाठीं उपाय आहेत, आणि त्यांतला एक मोठा दाखला आमच्या मराठवाड्यांतलाच आहे. उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या धाराशिवांत, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानें व टाटा रुग्णालयानें परदेशीं शास्त्रज्ञांबरोबर एक मोठी पाहणी केली. खेड्यांचे ५२ गट, आणि त्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. ज्या गटांत या विषाणूची तपासणी केवळ एकदां झाली, तेथें या रोगाचे मृत्यु तपासणी न झालेल्या गटाच्या सुमारें निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ सालीं अमेरिकेंतल्या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला आणि जगानें त्याची दखल घेतली. आमच्याच मराठवाड्यांतल्या निरक्षर बायकांनीं जें केलें, तें आमच्या सुशिक्षित घरांतल्या एकाहि बाईनें केलेलें नव्हतें! याच रोगाची दुसरी तपासणी डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांच्या नांवानें चालते. तिच्या अभ्यासासाठीं त्यांच्या पत्नी मेरीबाईंनीं वर्षानुवर्षें स्वतःचे नमुने दिले. त्या पतिपत्नींत या विषयाची लाज राहिली असती, तर कित्येक स्त्रियांचे प्राण गेले असते.

२०२४ सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवास हिनें जमलेल्या बायकांना आपली सारी हकीकत सांगितली. वहिनींना तें प्रथम रुचलें नाहीं; "सवाष्णींच्या समारंभांत हें काय काढलेंस?" असें त्या म्हणाल्या. ही म्हणाली, "जाऊबाई, सवाष्णी राहाव्यात, म्हणूनच काढलें." त्या महिन्यांत भजनी मंडळांतल्या सातजणी तपासून आल्या. त्यांत सर्वांत पुढें वहिनी होत्या. एकीला लहानसा उपचार करून घ्यावा लागला. रोग होण्यापूर्वींच तो खुडला गेला. नातीला लस टोंचून घेतली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची या विषाणूवरची देशी लस २०२३ सालीं आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना तिचे दोन डोस पुरतात. "लोक काय म्हणतील" म्हणणारे माझे बंधूच नातीला दवाखान्यांत घेऊन गेले, आणि येतांना तिला पेढे घेऊन आले.

या वर्षींच्या नवरात्रांत नैवेद्याचा स्वयंपाक सासूसुनांनीं मिळून केला. वाचकांपैकीं जे गृहस्थ आहेत, त्यांस माझी विनंति एवढीच कीं, घरांतली बाई नेहमींचें एखादें काम कारण सांगून सोडूं लागली, तर तें कारण खरें मानण्यापूर्वीं तिच्याजवळ बसून एकदां विचारावें. तिनें "कांहीं नाहीं" म्हटलें, तर दुसऱ्यांदाहि विचारावें. पहिल्या खेपेस आपल्या घरांतल्या बायका "कांहीं नाहीं" असेंच म्हणतात.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं हिला वाचून दाखविला. तिनें कोठेंहि हरकत घेतली नाहीं. एकच दुरुस्ती सांगितली: मीं लातुरास शिजविलेला भात मऊ नव्हता, खालून करपलेला होता.